पंडिता रमाबाई : पोथीपासून छापखान्यापर्यंत

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी ग्वाल्हेरला आत्याकडे गेले होते. ग्वाल्हेरातला मराठी माणूस म्हटला की लश्करातले जुने वाडे डोळ्यांसमोर येतात. पण आत्याचे बिऱ्हाड जुन्या ग्वाल्हेरात, किला गेटजवळ आहे. या दरवाजातून वर निघाले की प्रथम गुजरी महाल लागतो आणि पुढे चढण मानसिंग राजाच्या महालापर्यंत जाते. दुपारी तिकडे जाण्याची सोय नाही, इतकी झळ अंगावर येते. म्हणून दुपार शेजारच्या आजींच्या ओसरीवर गप्पांत जात असे. या आजी साड्यांना फॉल लावतात, पिको करतात. जवळची कापडगिरणी १९९२ साली बंद पडली तेव्हापासून त्यांचे मशीन चालू आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, म्हणून सहज त्यांना विचारले की महिन्याकाठी मिळकत किती होते. आजी हसल्या. कपडे कोणी आणून देतो, पैसे कोणी घेतो, खर्च कोणी करतो. त्यांच्याकडे फक्त मशीन चालविण्याचे काम होते. तीस वर्षांहून अधिक काळ धंदा करणाऱ्या बाईला आपल्या धंद्याचा आकडा ठाऊक नव्हता.

त्याच घरात त्या दिवसांत एक वाद चालला होता. आजींची नात आठवी होऊन नववीत गेली होती आणि शाळेत एक व्यावसायिक विषय निवडावयाचा होता. तिला विजेच्या कामाचा विषय हवा होता. घरच्यांचे म्हणणे, मुलीच्या जातीने ब्यूटी पार्लरचा घ्यावा. लग्नानंतर घरबसल्या उपयोगी पडेल. दोन्ही बाजूंचे बोलणे ऐकता ऐकता माझ्या मनात एक साधाच प्रश्न आला. मुलीला धंदेशिक्षण द्यावयाचे ते नेमके कशासाठी? वेळ जावा म्हणून, संसाराला हातभार म्हणून, की तिला स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका स्त्रीने आपल्या साऱ्या आयुष्याने दिले आहे. तिचा जन्म कर्नाटकात झाला, कर्मभूमी महाराष्ट्र झाली. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा तिला येत होत्या. तेव्हा आपल्या नियतकालिकाच्या दोन्ही विभागांना तिच्यावर सारखाच हक्क सांगता येईल. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे दक्षिण कानडा जिल्ह्यातील कार्कळजवळचे. तरुणपणी ते पुण्यास शिकावयास आले. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांना नवल वाटले आणि आपल्या पत्नीलाही हे शिकवावयाचे असे त्यांनी ठरविले. पहिल्या पत्नीच्या वेळी घरच्यांच्या विरोधापुढे ते जमले नाही. दुसऱ्या पत्नीच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वेळी त्यांनी कोणाचे ऐकले नाही. भाऊबंदांनी बोल लावला तेव्हा ते तिला घेऊन सह्याद्रीच्या रानात, तुंगा आणि भद्रा जेथे उगम पावतात त्या गंगामूळ नावाच्या ठिकाणी जाऊन राहिले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. ही जागा आज कर्नाटकातील चिक्कमगळूर जिल्ह्यात आहे.

रानातल्या या आश्रमात येणाऱ्या जाणाऱ्या यात्रेकरूंचा आणि विद्यार्थ्यांचा इतका राबता असे की शास्त्रीबुवांची होती ती पुंजी अन्नदानातच संपली. मुलगी जेमतेम सहा महिन्यांची असताना सारे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरविले होते. पुढे सारे बालपण असेच वाटेवर गेले. देवळात किंवा घाटावर बसून पुराण सांगावयाचे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावयाचा आणि उरेल ते दान करावयाचे, असा या घराचा नेम होता. लक्ष्मीबाईंना दिवसभर कामातून उसंत नसे, म्हणून त्या पहाटे मुलीला उठवून मांडीवर घेत आणि श्लोक पाठ करून घेत. बाराव्या वर्षाच्या आतबाहेरच रमाबाईंना भागवताचे अठरा हजार श्लोक मुखोद्गत झाले होते. त्या काळी मुलींना अक्षरओळखही दुर्मिळ होती हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते.

परंतु या विद्येची एक दुसरी बाजू होती आणि रमाबाईंच्या चरित्रातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. शास्त्रीबुवांनी मुलांना पोथीखेरीज दुसरे काही शिकविले नव्हते. इंग्रजी नाही, व्यवहारी हिशेब नाही, हाताचे कोणतेही काम नाही. १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळाने थैमान घातले. ज्यांच्या स्वतःच्या पोटाला नाही ते पुराण सांगणाऱ्याला काय देणार? एकेक भांडे, एकेक दागिना विकला गेला. मोलमजुरी कधी केलेली नव्हती, ती कशी करावी हे माहीत नव्हते. भीक मागणे मनाला पटत नव्हते. झाडपाला खाऊन, पाणी पिऊन दिवस काढता काढता प्रथम वडील गेले, मग काही आठवड्यांतच आई गेली. पुढे थोरली बहीणही गेली. उरले ते रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा विचार करावा. या घरात आळस नव्हता, व्यसन नव्हते, अज्ञान तर नव्हतेच. त्या घराइतकी विद्वत्ता गावोगाव शोधून सापडली नसती. नव्हते ते एकच : बाजारात ज्याचे चार पैसे होतील असे कोणतेही कौशल्य. पुढे रमाबाईंनी ज्या ज्या संस्था काढल्या, त्यांच्या पायाशी या उपासमारीची आठवण आहे असे मला वाटते.

बहीणभाऊ चालत निघाले. दक्षिणेपासून पंजाब काश्मीरपर्यंत आणि तेथून पूर्वेकडे, अशी हजारो मैलांची ही पायपीट होती. मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाशी खावयाचे, रानातली बोरे वेचावयाची, असे दिवस होते. झेलमच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर कोरडी वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली आणि तेथे नशीब पालटले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आश्चर्यचकित झाले आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या वयात आपण महाविद्यालयात टिपणे उतरवून घेत असतो, त्या वयात त्या कलकत्त्याच्या विद्वानांसमोर उभ्या होत्या.

सुख मात्र फार दिवस टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. प्रांत वेगळा, जात वेगळी. दोन्हीकडच्यांनी नावे ठेवली. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. वयाच्या तेविसाव्या वर्षी पदरात मूल घेऊन त्या विधवा झाल्या.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, गावोगाव व्याख्याने दिली, आणि इंग्रजी शिकावयासही आरंभ केला. त्याच वर्षी हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. या साक्षीत त्यांनी मुलींच्या शाळांसाठी स्त्रीशिक्षिका तयार कराव्यात, शाळा तपासावयास स्त्रिया नेमाव्यात आणि स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण द्यावे असे मांडले. या मागण्या नीट पाहिल्या तर ध्यानात येते की मुलींनी शिकावे एवढेच त्या सांगत नव्हत्या. शिकून मुलीने कोणते पद घ्यावे, कोणता पगार मिळवावा हेही त्या सांगत होत्या. शिक्षिका, तपासनीस, डॉक्टर ही तिन्ही वेतनाची कामे आहेत.

स्वतः डॉक्टर व्हावे असे त्यांच्याही मनात होते. स्त्रीधर्मनीति हे आपले पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध करून त्या १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. परंतु कानांनी दगा दिला. बहिरेपणा वाढत गेल्यामुळे वैद्यकीचा अभ्यास शक्य नाही असे ठरले. त्यांनी मग अध्यापनाकडे मोर्चा वळविला. चेल्टनम येथील मुलींच्या महाविद्यालयात त्या स्वतः शिकल्या आणि संस्कृत शिकविलेही. याच काळात, १८८३ च्या सप्टेंबरात, त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या एका गोष्टीने पुण्यातील पुष्कळ मने दुखावली, आणि महाराष्ट्राने त्यांना आपले म्हणण्यास जो संकोच केला त्याचे मूळही येथेच आहे.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास हजर राहण्यासाठी त्या अमेरिकेस गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाईंना वैद्यकीची पदवी मिळाली. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे दोन वर्षांहून अधिक राहिल्या. बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे हाताने वस्तू करता करता मुलांनी शिकावे या पद्धतीचा, त्यांनी अभ्यास केला. बायका कोणकोणत्या धंद्यांत आहेत, त्यांच्या संस्था कशा चालतात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. पुढे १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त या मराठी पुस्तकात हे सारे त्यांनी आपल्या वाचकांसाठी लिहून ठेवले आहे.

१८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी आपल्याकडील स्त्रियांच्या तीन गरजा सांगितल्या : पहिली स्वावलंबन, दुसरी शिक्षण आणि तिसरी आपल्याच देशातल्या स्त्रीशिक्षिका. हा क्रम पाहण्यासारखा आहे. भागवत मुखोद्गत असलेल्या या बाईंनी शिक्षणाला पहिले स्थान दिले नाही. पहिले स्थान त्यांनी स्वावलंबनाला दिले. विधवांसाठी असे घर हवे की जेथे त्या अध्यापन, शुश्रूषा, गृहव्यवस्था, हस्तकौशल्य यांपैकी काहीतरी शिकतील आणि सन्मानाने पोट भरतील, अशी त्यांची योजना होती. पुस्तकाची विक्री आणि व्याख्याने यांतून निधी जमला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि धर्मनिरपेक्ष पायावर चालणाऱ्या शाळेला दहा वर्षे मदत देण्याचे तिने मान्य केले. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे की रमाबाईंनी नुसत्या वर्गण्या गोळा केल्या नाहीत. आधी योजना, मग मुदत, मग दरसालचा अहवाल, अशी त्यांची रीत होती.

भारतात परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीस त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. स्वतः आनंदीबाई मात्र १८८७ मध्येच निवर्तल्या होत्या. सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोश्यांची गोदूबाई. याच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पुनर्विवाह केला. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात काढलेला अनाथ बालिकाश्रम, पुढचे हिंगण्याचे कार्य आणि १९१६ चे महिला विद्यापीठ यांची मुळे शोधत गेलो तर एक धागा चौपाटीच्या त्या घरापर्यंत जातो.

मुंबईचा खर्च परवडेना म्हणून १८९० मध्ये सदन पुण्यास आले. तेथे विधवा मुली केस राखून, शाळेत जाऊन, संस्कृत, इंग्रजी, गणित शिकत. शिवण आणि बालवर्गाचे अध्यापन शिकत. प्रत्येकीला आपला आचारधर्म पाळण्याची मुभा होती. पण रमाबाई स्वतः आपली प्रार्थना दार उघडे ठेवून करीत आणि काही मुली तेथे जाऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर यांनी अंग काढून घेतले, अनेक पालकांनी मुली परत नेल्या. या वादात कोणाची बाजू किती खरी याचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही. धर्मनिरपेक्ष म्हणून काढलेल्या शाळेबद्दल पालकांच्या मनात शंका आली तर ती समजण्यासारखी आहे. आणि ज्या विधवेला घरी कोपऱ्यात बसवावयाचे तिला पुन्हा त्याच कोपऱ्यात नेऊन बसविणे हेही तितकेच वाईट आहे. परत नेलेल्या मुलींचे पुढे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

यानंतरचा रमाबाईंच्या कार्याचा टप्पा केडगावचा. पुणे सोलापूर लोहमार्गावर, दौंड तालुक्यात त्यांनी शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली होती. फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर संस्था चालावी असा हेतू होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वी ज्या अवस्थेतून त्या स्वतः गेल्या होत्या तीच अवस्था पुन्हा समोर उभी राहिली. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे स्त्रिया व मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगामुळे एवढी माणसे ठेवता येईनात, म्हणून केडगावच्या शेतावर छपरे उभारली गेली. हेच मुक्ती सदन. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. राजपुताना, माळवा, गुजरात यांची त्यात धूळधाण झाली. विक्रम संवत १९५६ मधला म्हणून उत्तरेत तो छप्पन्या दुष्काळ या नावाने ओळखला जातो. किला गेटच्या त्या आजींनीही त्यांच्या आजीच्या तोंडून छप्पन्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. या दुष्काळानंतर मुक्ती सदनातील संख्या दीड हजाराच्या घरात गेली.

दीड हजार बायका, त्यांतल्या बहुतेक निरक्षर, हाडांचे सापळे होऊन आलेल्या. त्यांना बसवून खावयास घालणे हा एक मार्ग होता. रमाबाईंनी तो पत्करला नाही. प्रत्येकीला काही तास शाळा आणि काही तास काम असा क्रम लावला. विहिरी खणल्या, शेती आणि भाजीपाला सुरू झाला. शंभरांवर जनावरांचा गोठा उभा राहिला. तेलाचा घाणा, हातमाग, शिवण, भरतकाम, धुलाई, भटारखाना असे एकेक खाते निघाले. अंध मुलींसाठी वेगळा वर्ग झाला. त्या बोटांनी वाचावयास शिकल्या आणि वेताच्या टोपल्या विणू लागल्या. हुशार मुली शिक्षिका झाल्या आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवू लागल्या. म्हणजे आपल्याच देशातल्या स्त्रीशिक्षिका ही जी गरज १८८७ मध्ये कागदावर मांडली होती, ती त्यांनी केडगावच्या माळावर भागविली.

या सर्व खात्यांत मला सर्वांत नवलाचा वाटतो तो छापखाना. शिवण, स्वयंपाक ही कामे बायकांचीच मानली जात. खिळे जुळविणे, यंत्रावर कागद चढविणे, मुद्रिते तपासणे ही कामे तेव्हा सर्वत्र पुरुषांची होती. केडगावात ती मुलींनी केली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबलाचे भाषांतर करण्याचे काम हाती घेतले होते. ते त्यांच्याच छापखान्यात, त्यांच्याच मुलींच्या हातून जुळविले गेले. ग्रंथ पूर्ण होऊन प्रसिद्ध झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये. त्यातील धर्मविचार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. ज्या मुलीला काही वर्षांपूर्वी अक्षर म्हणजे काय हे माहीत नव्हते, ती आता शिशाचे अक्षर चिमटीत धरून, उलटे वाचून, ओळ जुळवीत होती. रमाबाईंच्या वडिलांच्या घरी पोथी होती आणि पोट उपाशी होते. लेकीने त्याच अक्षरांचा धंदा करून दाखविला.

कौतुकाच्या भरात उणीव सांगावयाची राहू नये. मुक्ती सदन स्वतःच्या मिळकतीवर कधीच पूर्णपणे उभे राहिले नाही. देशोदेशीच्या देणग्यांवरच त्याचा मोठा भार होता. तेथे तयार होणारा बराचसा माल संस्थेतच वापरला जाई. बाहेरच्या बाजारात जाऊन, तेथल्या भावाने टिकून, स्वतंत्र दुकान थाटणे हा पुढचा टप्पा होता आणि तो बहुतेकींच्या वाट्याला आला नाही. कितीतरी जणी तेथेच राहिल्या, कित्येकींची लग्ने झाली. त्या काळच्या समाजात एकट्या बाईला बाजारात उभे राहू देण्याची तयारी नव्हती हे खरे. पण कौशल्य शिकविले म्हणजे काम संपले असे होत नाही, हा धडाही केडगावातूनच घ्यावा लागतो.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांत त्यांचा उजवा हात होती ती त्यांची कन्या मनोरमा. आईबरोबर लहानपणीच देशोदेशी फिरलेली ही मुलगी शिकून परत आली आणि केडगावचे शिक्षण पाहू लागली. १९१२ मध्ये मायलेकींनी गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुरगीस, शाळा काढली आणि मनोरमाबाई तिच्या मुख्य झाल्या. कर्नाटकातून पेटाऱ्यात बसून निघालेली रमा अशा रीतीने लेकीच्या रूपाने पुन्हा कर्नाटकात पोहोचली. १९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई अकाली गेल्या आणि पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी, भाषांतराचे काम उरकत आणून रमाबाईंनी केडगावी देह ठेवला. आईबाप, भावंडे, पती आणि शेवटी एकुलती एक लेक, इतक्यांचे मृत्यू पाहिलेल्या या बाईने हजारोंना जगावयाचे शिकविले.

रमाबाईंच्या मागोमाग इतरांनीही हे काम पुढे नेले. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून शिक्षिका आणि परिचारिका घडविल्या. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड द्यावी असे सांगितले, १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने तेच पुन्हा सांगितले, आणि २०२० च्या धोरणाने सहावीपासूनच मुलांच्या हाताला कामाची ओळख व्हावी असे म्हटले. कागदावर मुलगा आणि मुलगी असा भेद कोठेच नाही. पण वर्गात जाऊन पाहावे तर मुली शिवणाच्या, सौंदर्यप्रसाधनाच्या किंवा शुश्रूषेच्या बाकांवर आणि मुले विजेच्या, यंत्राच्या बाकांवर, असे चित्र आजही जागोजाग दिसते. ही विभागणी धोरणाने केलेली नाही. ती आपल्या घरांतून होते, ओसरीवर बसून, मुलीच्या भल्यासाठी म्हणून होते.

शिवण वाईट आणि वीज चांगली, असे मला म्हणावयाचे नाही. केडगावात शिवणही होते आणि छापखानाही होता. प्रश्न इतकाच की निवड मुलीने केली का, आणि त्या कामाचा मोबदला तिच्या हाती येतो का. ही दोन उत्तरे होकारार्थी असतील तर साडीचा फॉल लावणे हाही सन्मानाचा धंदा आहे. नकारार्थी असतील तर मोठ्यातले मोठे प्रमाणपत्रही फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरतेच.

सुटी संपत आली तेव्हा मी आजींना माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत रमाबाईंची ही हकीकत सांगितली. दुष्काळाचा भाग ऐकताना त्यांनी मशीन थांबविले. मग मी माझ्या वहीची उरलेली पाने घेऊन त्यांना एक साधी खतावणी आखून दिली : डावीकडे आलेले पैसे, उजवीकडे दोरा, सुया, तेल, वीज. आजींना लिहिता येत नाही, तेव्हा लिहिण्याचे काम नातीकडे आले. पहिल्या आठवड्याची बेरीज करून तिने ती मोठ्याने वाचून दाखविली. आजी काही बोलल्या नाहीत; त्यांनी तो आकडा तिच्याकडून आणखी एकदा वाचून घेतला.

परत आल्यावर पंधरा दिवसांनी आत्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने सांगितले की शेजारच्या मुलीने विजेच्या कामाचा विषय घेतला, आणि घरात सर्वांत आधी होकार आजींनी दिला. वही अजून चालू आहे का, असे मी विचारले. आत्या म्हणाली की ती आता मशीनच्या खणात असते, आणि खणाची किल्ली आजींच्या कमरेला.